खांद्यावरचे चार पट्टे

वरसे, रोहा
४ जानेवारी २०२६

दामूमामा,

पाया पडते. दिवाळीनंतर आज लिहितेय म्हणून खुशाल शिव्या दे, पण पत्र पुरतं वाच. तुला ऐकू येत असतं तर एक फोन केला असता आणि मोकळी झाले असते. आता कंपनीच्या लॅबमध्ये, दुसऱ्या शिफ्टच्या जेवणाच्या सुट्टीत, वहीचं पान फाडून बसलेय.

दोन बातम्या आहेत. चांगली आधी सांगते. कॅमेरा घेतला! मिररलेस, वापरलेला, पण चकाचक, तळहातावर मावतो. कॉलेजला असताना तू दिलेल्या त्या फिल्मच्या धोंड्यापुढे अगदी पिल्लू. नुसता कॅमेरा घेतलाय, लेन्स अजून नाही. झूम नको हे नक्की. जागेवर उभं राहून जवळ-लांब करायची सवय लागली की माणूस आळशी होतो, हे तूच शिकवलंयस. एकच न सरकणारी प्राइम घेणार, चांगली. २३, ३५ की ५६ एमएम, इथे घोडं अडलंय. रोह्याच्या बाजारात नितेश म्हणून लग्नाचे फोटो काढणारा ओळखीचा आहे, तो त्याच्या लेन्स चार-चार दिवस वापरून बघायला देईल.

आता दुसरी. आईच्या जबड्याला गाठ आहे. मशेरीची मेहेरबानी. तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. गेल्या रविवारी शेजारी पोपटी लावली होती, मडक्यात भाजलेली वालाची शेंग तिनं सोलली, दाणा ओठाशी नेला आणि गपचूप परत ठेवला. मुंबईच्या डॉक्टरांनी १० फेब्रुवारी तारीख दिलीय. उजव्या बाजूचं हाड काढणार, तिथे पायाचं हाड बसवणार. जीव वाचेल, पण चेहरा हाच राहणार नाही असं सरळ म्हणाले. आई त्यांना म्हणते, "चेहऱ्याचं काय लोणचं घालायचंय?"

मामा, मला तिचा आत्ताचा चेहरा हवाय. एक फोटो, बस. घरात आधारकार्डाशिवाय तिचा एकही फोटो नाही, आणि त्यात ती पाकीट मारताना पकडल्यासारखी दिसते. कॅमेरा दिसला की पदर ओढून मोरीत जाऊन बसते. पाच आठवडे आहेत माझ्याकडे आणि मला रात्रंदिवस आकडेच दिसतायत.

उत्तर नितेशच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठव, आईला कळायला नको. गागोद्याच्या जमिनीवरून तुमचं बोलणं बंद झालं ते झालं, माझ्या लेन्सला त्यात ओढू नको.

दिशा

•

पेण
८ जानेवारी

चि. दिशास आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. बायजाचं वाचून पुढं काय लिहावं सुचत नाय, म्हणून लेन्सचंच लिहितो.

आकड्यांची यादी काय पाठवतेस, किराणा भरायचाय काय? पन्नास घे. स्टुडिओ तीस वर्षं मी पन्नासवर चालवला. लग्न, बारसं, शाळेची वह्यापुस्तकं घेतलेली पोरं, समोरच्या कारखान्यातले गणपती, सगळे त्याच एका लेन्समधून गेले. समोर बसलेला माणूस डोळ्याला दिसतो तसा पन्नासमध्ये दिसतो, नाक फुगत नाय आणि कान मागं जात नायत. दुकान बंद केलं त्या दिवशीही कॅमेऱ्यावर पन्नासच होती.

बायजा लहानपणापास्नं उजव्या गालात हसते. डावी बाजू ढिम्म. तेव्हा उजवीकडचा उजेड धर. सकाळी नऊच्या आत, दाराशी.

आणि जमिनीवरून बोलणं बंद झालं हे तुला कुणी सांगितलं? असो. तिला जेवण कसं जातं, पातळ करून देतेस का, ते लिही.

दामूमामा

•

वरसे
१३ जानेवारी

मामा,

चांगली तोंडावर पाडलीस मला!

नितेशची पन्नास आणली. आई ओट्याशी वालाचं बिरडं सोलत होती. मी कॅमेरा लावला तर नुसतं कपाळ आणि डोळे. मागे सरकले, हनुवटी आली. आणखी मागे सरकले तर पाठ फ्रिजला टेकली आणि भिजवलेल्या वालाचं पातेलं खाली. सगळ्या घरभर वाल. आई म्हणाली, "गो, भिंतीत शिरशील आता."

मग नितेशनं अक्कल दिली. माझ्या कॅमेऱ्याच्या आतला सेन्सर तुझ्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान आहे. कडेचं सगळं कापून तो मधलंच घेतो. त्यामुळे तुझी पन्नास माझ्याकडे पंचाहत्तर होते. तुझ्या पन्नासला जे दिसायचं ते मला पस्तीसला दिसणार. तीस वर्षांचा अनुभव आमच्या आठ फुटी स्वयंपाकघरात आडवा झाला बघ.

वाल गोळा करताना मी लाडीगोडी लावून पाहिली. "आई, एकच फोटो." तर ती वर न बघता म्हणाली, "एकदा काढलाय. पुरे झाला." कधी, कुठे, कुणी, काही सांगेना. तोंड दुखतं म्हणून गप्प झाली की माझ्यावर चिडून, तेही आता कळत नाही. पेज आणि दूधभात घेते. तेही अर्धं ताटलीत उरतं.

२३ पण लावून पाहिली, माझ्यावरच. जवळून काढलं की नाक बटाट्याएवढं आणि जबडा पुढे. सुजलेल्या गालावर ती लावायचा धीर होत नाही. म्हणून आता ५६ घ्यावी असं वाटतंय. अंगणातून, दारातून, तिला न कळता काढता येईल. नुसता चेहरा, मागचं सगळं धूसर. सुजलेली बाजू सावलीत गेली तर गेली. नाहीतर ३५? सकाळपासून तीनदा विचार बदललाय. आज लॅबमध्ये दोन नमुन्यांना उलट्या चिठ्ठ्या लावल्या, साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. जिवाला स्वस्थता म्हणून नाही. चार आठवडे राहिले.

दिशा

•

पेण
१६ जानेवारी

चि. दिशास,

पन्नासचं पंचाहत्तर होतं हे मला कोण सांगणार? माझ्या वेळी पन्नास म्हणजे पन्नास होतं. बरं, चूक माझी. वाल किती वाया गेले?

५६ तुला का हवीय ते मी वळखलं. लपायला. लांबून, न विचारता काढलेल्या फोटोत माणूस येतो, पण तो तुझ्याकडे बघत नसतो. मग दहा वर्षांनी तो फोटो बघशील आणि ती भलतीकडेच बघत असेल. तिला विचार. नाय म्हणाली तर परत विचार.

आणि घाईघाईत लेन्स ठरवू नकोस. तिन्ही लेन्स एका जागी, एकाच उजेडात, एकाच वस्तूवर लावून बघ. हलणारी माणसं नकोत. घरात जो चेहरा गप बसतो त्याच्यावर बघ, कॅलेंडरवरचा देव घे नायतर काय. छापून घे आणि शेजारी-शेजारी ठेव. आम्ही असंच करायचो.

"एकदा काढलाय, पुरे झाला." एवढंच म्हणाली? आणखी काय म्हणाली असेल तर नक्की लिही. शब्दन्‌शब्द लिही.

दामूमामा

•

वरसे
२१ जानेवारी

मामा,

तुझं ऐकलं. कॅलेंडर कशाला, गप बसणारा चेहरा घरात आहेच की. बाबांना बसवलं!

आई शेजारच्या प्रतिक्षावहिनीबरोबर रक्त तपासायला गेली होती. मी भिंतीवरची फ्रेम उतरवली, हार काढला, काचेवर खिडकी चमकत होती म्हणून मागचे खिळे काढून काचही काढली. खुर्चीवर उभी केली आणि एकेक लेन्स लावली. ५६ मध्ये बाबा भलतेच देखणे, पण परके, कुणाच्यातरी घरचे. २३ मध्ये बिचारे इवलेसे, खुर्चीच मोठी. ३५ मध्ये मात्र असं वाटलं की आता विचारतील, जेवलीस काय गो? मी सात वर्षांची होते ते गेले तेव्हा, मला त्यांचा आवाजसुद्धा आठवत नाही. तरी तसं वाटलं.

पण एक भानगड आहे. कॉम्प्युटरवर मोठं करून बघितलं तर बाबांच्या उजव्या खांद्यावर, शर्टावर, चार फिकट तिरके पट्टे दिसतात. मला वाटलं नितेशच्या लेन्सला बुरशी लागलीय. दुसरी लावली, तरी तिथेच. तिसरी, तरी तिथेच. फ्रेम फिरवून ठेवली तर पट्टेही फिरले. म्हणजे दोष लेन्सचा नाही, फोटोतच आहे. खालून दुसऱ्या पट्ट्यावर बारीकशी गाठ पण आहे. काचेमागे इतकी वर्षं कधी दिसलं नव्हतं.

फोटोच्या मागे तुझ्याच स्टुडिओचा शिक्का आहे. रंग उडाला की काय? पुसून काढता येईल का? आईचा काढेन तो याच्याच शेजारी लावायचाय, म्हणून हाही नीट करून घ्यावा म्हणते. लवकर कळव. नितेशच्या लग्नतारखा सुरू झाल्यात, लेन्स परत मागतोय.

दिशा

•

वरसे
२७ जानेवारी

मामा,

रोज नितेशच्या दुकानात डोकावतेय. तुझं पत्र नाही. बरा आहेस ना? माझं काही चुकलं का?

आईला पुन्हा विचारलं, तू सांगितलंस तसं. पुन्हा नाही म्हणाली. दोन आठवडे उरले. काल ती झोपली असताना ५६ लावून दारात उभी राहिले आणि बटण दाबवेना. चोरी करतेय असं वाटलं. हे तुझ्यामुळे.

दिशा

•

पेण
२८ जानेवारी

चि. दिशास,

तुझं एकवीस तारखेचं पत्र मिळून चार दिवस झाले. उत्तर लिहायला बसायचो आणि उठून बंद दुकानात जायचो. आता लिहितो. मध्ये थांबलो तर राहून जाईल.

ते पट्टे म्हणजे बोटं हायत. तुझ्या आईची.

लग्न झाल्यावर सुभाष आणि बायजा पेणला आले होते, तेव्हा मी दोघांचा फोटो काढला. सुभाष खुर्चीत, बायजा मागं उभी. मीच म्हटलं, हात ठेव गो खांद्यावर, नवराच हाय तुझा. लाजली, खाली बघितलं, मग ठेवला. मनगटावर हिरवा चुडा. त्या दोघांचा तो एकच फोटो. निगेटिव्ह पाच सालच्या पुरात गेली, राहिली ती बायजाच्या पेटीतली एक कॉपी.

पुराच्या पुढल्याच वर्षी सुभाष कोलाडच्या रस्त्यावर अपघातात गेला. बाराव्याला फोटो पायजे होता. अशा वेळी लोक लग्नाचा ग्रुप फोटो घेऊन यायचे, आम्ही त्यातनं गेलेला माणूस कापायचो, कागदावर चिकटवायचो, त्याचा फोटो काढून मोठा करायचो. शेकडो कापले असतील. बायजानं ती कॉपी माझ्या हातात दिली. तेव्हा कॉम्प्युटरवर न कापता काम झालं असतं, बाजारात एकानं सुरू केलं होतं. मी म्हटलं, माझ्या हाताला काय झालंय? आणि कात्री घेतली.

बायजा बाजूला झाली, पण तिचा हात सुभाषच्या खांद्यावरच राहिला. तो कापता येईना. सुभाषचा चुलता हैबतराव समोर बसला होता. म्हणाला, मयताच्या फोटोत हिरव्या बांगड्यांचा हात? लोक शेण घालतील. मी ब्रश घेतला आणि मोठ्या केलेल्या फोटोतल्या हातावर शर्ट रंगवला. पाच मिनिटांचं काम.

बाराव्याच्या दिवशी फोटो पाटावर ठेवला. बायजा बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, माझा हात कुठं हाय?" सगळे बसले होते. मी म्हटलं, तसंच करतात. एवढंच बोललो मी. तसंच करतात. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाय. एकोणीस वर्षं झाली. जमीन तर मी तिच्याच नावानं सोडली, तीही तिनं घेतली नाय.

कॅमेऱ्यासमोर ती का येत नाय ते आता तुला कळलं.

कापलेली तिची अर्धी बाजू मी टाकली नव्हती. टेबलाच्या खणात होती. सोबत पाठवतोय. तिला द्यायची का, ते तू ठरव.

तो रंग पाण्याचा हाय. कापूस पाण्यात बुडवून, पिळून, हलक्या हातानं फिरवलास तर निघेल. घासू नको.

लेन्स ३५ घे. ५६ नको. नुसता चेहरा मी एकदा काढून दिलाय, त्याचं काय झालं ते बघितलंस. समोर बसून बोलतेस तेवढ्या अंतरावरनं चेहरा आणि दोन्ही हात आले पायजेत.

दामूमामा

•

वरसे
२ फेब्रुवारी

मामा,

लेन्स घेतली. ३५.

तुझं पत्र आणि तो अर्धा फोटो दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. शेवटी काल सकाळी ती मटार सोलत होती, तिच्या पुढ्यात ठेवलं. रडेल, ओरडेल असं वाटलं होतं. तिनं फोटो उचलला, मनगटाजवळ कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "केवढी बारीक होते गो मी!"

मग स्वतः उठली, स्टूलवर चढली, फ्रेम उतरवली. "कापूस आण." मी म्हटलं मी करते, तर डोळे वटारले. वाटीत पाणी घेऊन बसली. पहिल्यांदा कापूस नुसता राखाडी झाला. मग करंगळी निघाली. मग अंगठी, तीच ती गाठ. मग तिसरं बोट, दुसरं. शेवटी मनगट, आणि त्यावर गोल गोल बांगड्या, काळ्यापांढऱ्यात राखाडीच दिसतात. अर्धा तास मी वाटीतलं पाणी बदलत राहिले.

नंतर मला म्हणाली, "त्याला लिही, फोटो काढायचाय तर त्यानं यावं." मी म्हटलं, मी काढते की, लेन्स आहे, सगळं आहे. तर म्हणाली, "तू खुर्चीत बसशील. मग काढणार कोण?"

रविवारी ये, आठ तारखेला. पेणहून सकाळची एसटी पकड. मंगळवारी ऑपरेशन आहे, आम्ही सोमवारी निघणार. कॅमेरा छोटा आहे, बटणं बारीक आहेत, मी सगळं लावून ठेवते, तू नुसतं बघ आणि दाब. तुझीच पन्नास आहे, फक्त आकडा वेगळा. येशील ना? नाही आलास तर मी तुला जन्मात पत्र लिहिणार नाही.

दिशा

•

वरसे
६ मार्च

दादास,

बायजाचा नमस्कार.

मी चौथीपर्यंत शिकलेय, चुका सांभाळून घे. घरी येऊन आठ दिवस झाले. गालाला टाके हायत, नाकात नळी हाय, बोलायला आणखी दोन महिने लागतील म्हनतात. दिशानं पाटी आणून दिलीय, पण पाटीवर भांडता येत नाय, लगेच भरते. म्हणून कागद घेतला. तुला ऐकू येत नाय, मला बोलता येत नाय, आता आपलं जे काय हाय ते टपालानंच.

तुझी सगळी पत्रं मी वाचली व्हती. दिशा उशीच्या अभ्र्यात ठेवायची, अभ्रे धुते कोण? तुझं नि तिचं पन्नास-पस्तीस चाललेलं वाचून मला हसू यायचं आणि जबडा दुखायचा. शेवटचं तेवढं तिनं हातात दिलं.

एकोणीस वर्षं मला वाटायचं तू ती अर्धी बाजू चुलीत घातली असशील. तेवढंच सांगायला एकदा आला असतास तर काय झिजला असतास? मी दाराला कडी घातली व्हती, कुलूप नव्हतं घातलं. हैबतरावाच्या भीतीनं ब्रश घेतलास त्याचा राग नाय मला. तो घरात सगळ्यांनाच भिववायचा. पण तू "तसंच करतात" म्हणालास. माझा भाऊ असून तसं म्हणालास. त्याचा राग व्हता आणि अजून थोडा हाय. तो राहू दे.

फोटो आला. नितेशनं मोठा करून दिलाय. आरशात सध्या मी बघत नाय, हाच बघते. दिशा खुर्चीत बसलीय, जराशी वाकडी, तिला सरळ बसताच येत नाय. मी मागं, हात तिच्या खांद्यावर. उजवा गाल सुजलेला दिसतो, दिसू दे, हसलेय पण त्याच गालात. तू म्हणाला व्हतास ना. दिशाच्या बाबाच्या फोटोशेजारी लावलाय, दोन्ही खांदे आणि दोन्ही हात.

त्या दिवशी तू कॅमेरा डोळ्याला लावलास, परत खाली घेतलास, आणि पोरीला वाटलं तुला बटन सापडेना. ती धावली सांगायला. मी तिला बस म्हटलं. मला ठाऊक हाय तू काय बघितलंस. आदल्या दिवशी मी एकटीच रोह्याच्या बाजारात गेले व्हते. कासारीण माझ्या मोकळ्या गळ्याकडं बघून म्हणाली, मुलीसाठी ना गो? मी म्हटलं, नाय, मला भर. दोन्ही हातांत सहा-सहा. हिरव्याच.

इस्पितळात शिपायानं ऑपरेशनच्या आधी उतरवल्या. फोटोत हायत.

बायजा